अक्षर तुझेच आहे

पेडणे
१४ सप्टेंबर २०२५

अहो,

आधी अक्षर बघा, मग वाचा. ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्या आहेत, म्हणजे मीच लिहिते आहे. शाळेत बाई ओरडून थकल्या तरी त्या सरळ झाल्या नाहीत. पाकीट मीच चिकटवलं आणि इथल्या पोस्टात मीच टाकलं. फोन केला असता, पण घरातला फोन बदललेला आहे असं ठरवल्यापासून तुम्ही कुठलाच फोन कानाला लावत नाही, आणि तिथल्या नर्सने धरला तर मुळीच लावणार नाही.

मी पांडुरंगाकडे, माझ्या भावाकडे आहे. तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, दोघांनी काही दिवस वेगळं राहायचं, भेटायचंही नाही, पत्र लिहिलंत तर चालेल. "रघुनाथरावांना जो भ्रम झाला आहे तो तुम्हालाही लागला आहे. घरात दोघंच, मूलबाळ नाही, तिसऱ्या कोणाला आत घेतलं नाही, की कधी कधी असं होतं." मी म्हटलं, भ्रम म्हणजे काय डोळे येणं आहे, एकाचे दुसऱ्याला लागायला? त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यांना मी काय काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. सुर्ल्याच्या खाणीवर तुम्ही सॅम्पल घ्यायचात ते सांगितलं. ट्रकातल्या मातीतून नमुना काढायचा, पिशवीत भरायचा, दोरा बांधून त्यावर लाख ओतायची, आणि पिशवी तपासायला जाईपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. चांगल्या मालाची पिशवी उचलून हलक्या मालाची ठेवणारे तेव्हा पुष्कळ होते, पण तुमची पिशवी कधी कोणाला बदलता आली नाही. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण बाईंनी मध्येच पाणी दिलं.

मग खाण बंद पडली. हल्ली ट्रक परत धावायला लागले, पण तुम्हाला कोणी बोलावलं नाही. आणि त्याच सुमारास न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण बदललं गेलं. आधी भाण, मग तुमची चादर, चमचे-कुलेरी, तांदळाचा डबा, फोन. दिसायला हुबेहूब, पण आपलं नव्हे. भिंतीपलीकडच्या भागात गोकुळदासभावोजी राहतात, भाऊ असले म्हणून काय झालं, काम त्यांचंच. म्हणून आपण लाख आणली आणि घरातल्या प्रत्येक डब्याला मोहर केली. बाई सगळं लिहून घेत होत्या. "असं कसं होईल" असं एकदाही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी जरा जास्तच बोलले.

चवथीचं मी सांगणार नव्हते, पण ते भावोजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. श्रावणात आपण घराण्याचा पाट चित्रशाळेत देतो, मूर्तिकार त्याच पाटावर गणपती घडवतो, आणि चवथीला गणपती त्यावर बसून घरी येतो. यंदा भावोजी तो डोक्यावर घेऊन आले आणि तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. पाट आमचा नव्हे, गणपती बदलला, म्हणालात. घराण्याची खूण पाटाच्या खालच्या अंगाला आहे, तेव्हा पाट उलटा करून दाखव. गणपती बसलेला पाट उलटा कोण करणार? वाड्यावरची सगळी माणसं अंगणात उभी होती. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, "वयनी, तुमी तरी सांगा." मी येऊन तुमच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, पाट आमचा नव्हे. मला तो तसा दिसतच होता. लाकडातली गाठ डावीकडे असते ती उजवीकडे होती. शेवटी गणपती त्यांच्या भागात बसला.

गोळ्या घ्या. पण पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, आधीच फोडलेलं घेऊ नका. माझं इथे काही उणं नाही. माझा पितळी तांब्या मी लुगड्यात गुंडाळून आणला आहे, त्याच्या बुडाला नखांना लावायच्या लाल रंगाची खूण केली आहे. त्यातूनच पाणी पिते.

तुमची
शेवंती


पेडणे
२८ सप्टेंबर

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र पोचले. अक्षर तुझेच आहे. सांभाळून राहा." खाणीवरच्या पावतीवर तुम्ही यापेक्षा जास्त लिहायचात. तरी ते कार्ड मी देवापाशी ठेवलं, आणि मग परत उचलून उशीखाली ठेवलं.

परवा सरस्वतीने, पांडुरंगाच्या बायकोने, माझा तांब्या न विचारता घेतला आणि तुळशीला पाणी घालून परत आणून ठेवला. मी तिच्यासमोरच तो उलटा केला आणि खूण बघितली. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "शेवंताक्का, तुजो तांब्यो मी कित्याक बदलतलंय? माज्याकडे आसत तेच घासूक माका येळ नाय." पांडुरंग हसला, मग मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन.

त्यानंतरचं लिहायचं की नाही ते ठरत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, भाणाविषयी इतक्यात लिहू नका. पण तुमच्यापासून लपवायला लागले तर मग खरंच काहीतरी बदललं असं होईल. म्हणून लिहिते.

आज सकाळी पाणी पिऊन झाल्यावर लक्षात आलं की खूण बघायची राहिली. कालही राहिली होती. तांब्या उलटा केला तर खूण होती, पण नसती तरी पाणी तर मी पिऊन बसले होते. मग मी ओसरीवर बसून आपलं भाण आठवलं. ते बदललं आहे हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. आज ते ठाऊक असणं शोधायला गेले तर सापडेना. मला कोणी पटवलं नाही, माझ्याशी कोणी भांडलं नाही. ताप उतरतो तसं उतरून गेलं आणि कधी उतरलं ते कळलंही नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी घाबरले. का ते सांगते, आणि हे मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही. खाण बंद पडल्यावर तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं होतं. भांडण नव्हतं, राग नव्हता. वाढलं की जेवायचात, पाववाला पोदेर आला की उंडे घ्यायचात, आणि दारापुढच्या बाल्कांवात बसून रस्त्याकडे बघायचात. अशी वर्षं गेली. मग एक दिवस न्हाणीतून तुमची हाक आली, "शेवंती, हंय ये, ह्या बग." मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले. त्या दिवसापासून आपण चुलीपाशी बसून लाख वितळवायला लागलो. तुम्ही दोरा धरायचात, मी ओतायची. लग्न झाल्यापासून आपण दोघं इतकं कधी शेजारी बसलो नव्हतो. तुम्ही मला विचारायचात, तुला काय वाटतं? आधी मला काहीच वाटत नव्हतं. मग वाटायला लागलं.

तर आता मी विचारते. भाण आपलंच होतं असं मी म्हटलं, तर तुम्ही परत बाल्कांवात जाऊन बसाल का? याची मला जेवढी भीती वाटते तेवढी गोकुळदासभावोजींची कधीच वाटली नव्हती.

शेवंती


पेडणे
११ ऑक्टोबर

अहो,

कार्ड आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझी पत्रं तुम्ही घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवता, आणि गोळ्या घेता, पाकीट समोर फोडलं तरच. नर्सना तुमची सवय झाली आहे, म्हणाल्या. मला त्या पोरींची दया आली.

मंगळवारी गोकुळदासभावोजी आले होते. बातमी म्हणून सांगते. परसातल्या काकड्या, तवशी घेऊन आले आणि ओसरीच्या अगदी कडेला बसले, आत बोलावलं तरी आले नाहीत. तवशी मी हातात घेतली आणि माझी नजर देठाकडे गेली, कोणी काही टोचलं आहे का बघायला. सवय जाता जात नाही. त्यांनी ते बघितलं असणार.

"वयनी, मी तुमच्या भागात पाय घालूक नाय. तुळशीक पाणी घालतंय, ता पण भायल्यानच."

मी म्हटलं, ठाऊक आहे. ठाऊक कुठलं, मला वाटत होतं त्यांनी एव्हाना घर धुऊन नेलं असेल.

"भितरसून वास येता," ते म्हणाले. "तांदूळ कुसले आसतले. एक जनेल उगडा रवला, थंयसून पावस भितर गेलो. दार उगडून साफ करूक होया. पण मी उगडलंय तर दादा म्हणतलो, बग, मी सांगी होतंय. म्हणान तुमका विचारूक इलंय."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला आमचा राग येत नाही का? ते चपलेकडे बघत म्हणाले, "येता. कसो नाय येतलो? चवथीक गणपती डोक्यार घेवन उबो होतंय, मानेक कळ लागली, आनी सगळो वाडो बगता. पण दादाक मी वळखतंय. खाणीर मी ट्रकार होतंय तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणालेलो, सख्खो भाव आसलंस म्हणान सॅम्पलाची पिशी तुज्या हातीत दिवचंय नाय. तेवाय राग इल्लो. म्हयनोभर बोलूक नाय होतंय." आणि ते हसले. त्यांचं हसणं अगदी तुमच्यासारखं आहे, खालचा ओठ दाबून. इतकी वर्षं मी ते बघितलंच नव्हतं.

चहा घेऊन गेले. बाकी विशेष काही नाही.

शेवंती


पेडणे
२३ ऑक्टोबर

अहो,

लपवणार नाही म्हटलं होतं आणि मागच्या पत्रात लपवलं. भावोजी नुसता चहा घेऊन गेले नाहीत. घराची चावी मी त्यांना दिली.

दिल्यावर मला झोप येईना. त्यांना एकट्याला उघडायला लावणं बरोबर नाही असं वाटलं, म्हणून दिवाळीच्या आधी मीही सर्वणला, आपल्या घरी गेले. वाटेत जागोजागी जाळायचे कागदी नरकासुर उभे होते. आपल्या वाड्यावरच्या पोरांनी यंदाही धड मोठं केलं आणि डोक्याला कागद पुरला नाही.

भावोजींनी दार उघडलेलं नव्हतं. चावी माझ्या हातात परत दिली आणि अंगणातच थांबले. "आदी तुमी जावा, वयनी."

आत एकही मोहर फुटलेली नव्हती. तांदळाच्या डब्यावर तुमच्या हातची लाख जशीच्या तशी, दोऱ्याला तुमची ती दुहेरी गाठ. सुरीने लाख काढून झाकण उघडलं तर तांदूळ काळे पडलेले आणि किड्यांनी भरलेले. डाळीचं तेच. गूळ पाझरून फळीवरून खाली उतरला होता. कोणी काही नेलं नव्हतं आणि कोणी काही आणून ठेवलं नव्हतं. चवथीच्या आधी कित्येक दिवस आपण चहा आणि उंड्यांवरच काढले, आठवतं? डबा उघडला तर मोहर मोडेल म्हणून. घरात तांदूळ असून मी तुम्हाला भात घातला नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. भावोजी बाहेरून विचारत होते, "वयनी, काय जाला?" मी म्हटलं, काही नाही, वासाने डोळ्यांतून पाणी आलं.

मग दोघांनी मिळून साफ केलं. कमलाक्षीने, त्यांच्या बायकोने, पेज आणून दिली. ती मी त्यांच्या भांड्यातून प्यायले आणि मला काही झालं नाही, म्हणून लिहिते. निघताना भावोजी गणपतीचा पाट घेऊन आले. विसर्जन झाल्यावर धुऊन, पुसून ठेवला होता. "आता उलटो करूक येता. करून दाखयतंय, बगा." मी नको म्हटलं. त्यांनी परत म्हटलं, मी परत नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल. पण बघितलं असतं, तर उद्या आणखी काहीतरी उलटं करून बघावंसं वाटलं असतं, आणि परवा आणखी काहीतरी.

भाण चिंचेने घासून पालथं घातलं आहे. ते आपलंच आहे असं मला वाटतं. तुम्हालाही तसंच वाटावं असा माझा हट्ट नाही. रागवायचं तर कार्डावर रागवा, पण कार्ड पाठवा.

शेवंती


पेडणे
४ नोव्हेंबर

अहो,

कार्ड मिळालं. "चावी तू दिली नाहीस. तू असे करणार नाहीस. तुझ्याजवळ उभे राहून कोणी लिहवून घेतले आहे. घाबरू नको."

माझ्याजवळ कोणी उभं नाही. मागे सरस्वती आहे, ती नारळ किसते आहे आणि तिला बाजारात जायची घाई आहे. ती कोणाकडून काही लिहवून घेण्याच्या परिस्थितीत नाही.

हे लिहिलं आणि लगेच कळलं की याचा उपयोग नाही. सरस्वतीचं नावही त्याच माणसाने लिहवून घेतलं असेल. मी काहीही सांगितलं तरी ते त्यालाही ठाऊक असू शकतं. हे नियम मला पाठ आहेत, कारण आपण दोघांनीच ते चुलीपाशी बसून केले.

कार्ड मी डॉक्टरीणबाईंना फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं त्या म्हणतील, आणखी बिघडलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बदललात, असं त्यांनी लिहिलेलं नाही, बघितलंत का? सगळं त्या तिसऱ्या माणसावर घातलं आणि तुम्हाला बाजूला ठेवलं." मी विचारलं, पण मग हे जाणार कसं? त्यावर त्यांनी बरंच सांगितलं. मला कळलं तेवढं असं. भ्रम ही नुसती चूक असती तर दाखवून दिल्यावर गेली असती. घाबरलेलं माणूस तिथे आसऱ्याला गेलेलं असतं. बाहेरून आसरा मोडायला गेलं तर ते आणखी आत शिरतं, आणि आपणही आत जाऊन बसलो तर बाहेर कोणी उरत नाही. गोळ्यांनी भीती कमी होते. तोवर घरच्यांनी दाराबाहेर बसायचं, हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही.

इतके दिवस मी आत जाऊन बसले होते. आता बाहेर बसणं जमतं का बघते. बाईंनी भेटीची परवानगी दिली आहे, मी बरी झाले असं त्या म्हणतात. बुधवारी, बारा तारखेला येते. सोबत पुरावा काही आणणार नाही. मी दुसरीच कोणी वाटले तर तुम्ही त्या दुसरीशी बोला. तुम्ही बोललात म्हणजे झालं.

शेवंती


पेडणे
१३ नोव्हेंबर

अहो,

काल बाकावर तुमच्यासमोर बसली होती ती मी. हे एकदाच लिहिते, पटवण्यासाठी नव्हे, खोटं नको म्हणून. पुढे मी तिला "ती बाई" असंच म्हणणार आहे. तुम्ही तिच्याशी जे बोललात ते परक्या बाईशी म्हणून बोललात, आणि ते मला खोडून टाकायचं नाही.

तुम्ही वाळला आहात. दाढी कोणीतरी दुसऱ्याने केली आहे, मिशी एका बाजूला चढली आहे. तुम्ही तिला बघून उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "बसा." बायकोला तुम्ही अख्ख्या जन्मात कधी बसा म्हटलं नव्हतं.

"कोण तुमी?"

"शेवंती," ती म्हणाली.

"होय. तसाच सांगूक सांगला आसतला."

मग तुम्ही तिचा हात मागितलात. काजू भाजताना मनगटावर पडलेला डाग शोधलात आणि त्यावर अंगठा दाबून बघितलात, रंग उतरतो का ते. उतरला नाही. "ह्या पण केला," तुम्ही म्हणालात. "बारीक काम आसा." आणि तुमच्या आवाजात त्या करणाऱ्याचं कौतुक होतं. त्या बाईला उठून चालू लागावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई काचेपलीकडे होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. ती बसून राहिली.

तुम्ही तिचा हात हळूच खाली ठेवलात. "तुमचो दोष नाय. तुमका कामाक लायला, तुमी करतात. जेवलात?" ती नाही म्हणाली. तुम्ही खिशातून बिस्किटांचा पुडा काढलात, माझ्या पत्रांच्या शेजारून. "फोडूक नाय. खावा." स्वतः बघून, उलटसुलट करून, मग तिच्यासमोर फोडलात. तिने खाल्ली. समोरच्या आवारात माळी पाइपाने पाणी घालत होता आणि तुम्ही दोघं ते बघत होतात. कोणाला घाई नव्हती.

मग तुम्ही विचारलंत, "ती बरी आसा?"

"आसा."

"तुमका भेटता?"

"रोज," ती म्हणाली. हे काही खोटं नव्हतं.

"मगे तिका निरोप दिशात? गुडघ्याक तेल लाव म्हणान सांगा. मी घरात नसलंय काय ती लावणा नाय." मग नर्स दूर आहे ना ते बघितलंत. "आनी एक. ह्या तिका एकटेकच सांगा. कदी कदी माका वाटता, भाण आमचाच होता. वाटता आनी परत जाता. पण वाटता तेव्हा मरणाचा भय वाटता. गोकुळदासाक मी खंयच्या तोंडान बगू? आनी तिका कसा सांगू? ती माज्यार विश्वास ठेवन दारात उबी रवली. मी चुकलंय म्हटल्यार ती एकटी पडतली."

त्या बाईने विचारलं, "आनी काय?"

"आनी काय नाय. पत्र घाल म्हणान सांगा."

निरोप पोचला. सगळा पोचला.

अहो, मी दारात उभी राहिले त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका. मी माझ्या पायांनी आले होते. सगळा गाव समोर असताना तुमच्या शेजारी उभं राहायला मला आवडलं होतं, हे आज लिहायला लाज वाटते पण खरं आहे. मी एकटी पडलेले नाही. भाण आपलं असो की नसो, तुम्ही बोललात तर मी एकटी पडत नाही. मी इथे घाबरून बसले होते की भाण गेलं की तुमचं बोलणं जाईल, आणि तुम्ही तिथे माझ्याच काळजीने गप्प बसला होतात. इतकी वर्षं एका घरात राहून हे एकमेकांना सांगायला आपल्याला मध्ये एक परकी बाई लागली. लागली तर लागली.

भावोजींचं तोंड बघायची घाई नाही. ते वाट बघतील. म्हणाले नाहीत, पण बघतील, तुमचेच भाऊ आहेत. भय वाटेल तेव्हा वाटू द्या, आणि नर्सला सांगवत नसेल तर मला लिहा.

पुढच्या बुधवारी ती बाई परत येणार आहे. तिला बसा म्हणा, तुमी म्हणा, माझी हरकत नाही. बिस्किटं तुमची तुम्ही खा, तुमची हाडं दिसतात असं तिने मला सांगितलं. फक्त तेलाचं एकदा तिलाही विचारा. तिचाही गुडघा दुखतो.

शेवंती